सबकाची तिपाई

“दाखव हात,” दवाखान्याची दाई मनकर्णा म्हणाली.

तिच्या हाताखालच्या रूपाबाईनं ते पाठीमागे नेले. “काय न्हाई बाई. लाकडं फोडली ना सकाळी, सालटं निघालं.”

“लाकडं फोडून हात पांढरे पडत न्हाईत. दाखव म्हणते ना!”

रूपाबाईनं नाइलाजानं हात पुढे केले. दिवसभर पाण्यात पडलेल्या चिंधीसारखे तळवे पांढरेफटक, आणि बोटांच्या बेचक्यांतलं कातडं सुटून लोंबत होतं. असाच पांढरा रंग मनकर्णानं आत्ता घटकेपूर्वी पाहिला होता, गोरेगावच्या मंजुळाबाईच्या मांड्यांवर. बाई सकाळी बाळंत झाली होती. रूपाबाईनं तिला जंतू मारायच्या कारबोलिक औषधाच्या पाण्यानं धुतलं, आणि तेव्हापासून ती ओरडत होती.

“ते पाणी नव्हतंच,” मनकर्णा म्हणाली. “नुसतं कारबोलिक व्हतं.”

“हात बुडवला तवाच चावलं बाई. मंग बधिर झाले.”

“अन् तसंच तिला धुतलंस? बोलली काहून न्हाईस?”

रूपाबाईनं तिच्याकडे असं पाहिलं, की जणू हे विचारायची गोष्टच नव्हती. “बोलले असते तर तिपाईवर कोण चढलं असतं? मीच ना?”



जर्मनांशी चाललेली लढाई संपून वर्ष झालं होतं. निजामाच्या अमलातल्या त्या तालुक्याच्या दवाखान्यात दर सोमवारी सकाळी ओसरीवर हाजरी व्हायची. ज्याची चूक निघेल त्याला डॉक्टर व्यंकटराव तिपाईवर चढवत, हातात घाणीचं भांडं देत, आणि बाकीच्यांना समोर उभं करत. याला ते ‘सबक’, म्हणजे धडा, म्हणायचे. बाकीच्यांनी हसायचं असा हुकूम नव्हता. पण जो हसत नसे त्याच्याकडे साहेबांची नजर वळे, म्हणून सगळे हसत. गेल्या महिन्यात म्हाताऱ्या सखुबाईच्या हातून थर्मामीटर फुटलं. भांडं धरून तिचे हात लटलटत होते, आतलं तिच्या लुगड्यावर सांडत होतं, आणि मनकर्णाही हसली होती. मोठ्यानं. तिला आज ते हसू आठवलं.

कारण कारबोलिकचा वास तिलाही आला होता. बाळंतिणीच्या खोलीत साहेब येत नसत. पडद्याबाहेर उभे राहून हुकूम सोडत. “साहेब, वास लई उग्र येतोय,” एवढं बोलायला तिनं तोंड उघडलं होतं. तेवढ्यात पडद्यापलीकडून गुरगुरणं आलं, “किती वेळ? जल्दी करा!” आणि हैदराबादेत शिकून आलेली ही दाई तोंड मिटून नाळ बांधत बसली.

ती तडक औषधांच्या खोलीत गेली. कंपाउंडर तातेराव पुड्या बांधत होता.

“तातेराव, सकाळची बाटली तुमी भरली?”

त्यानं मान वर केली नाही. “मधीच साहेबांनी हाक मारली. परत आलो तर पाण्याचा तांब्या तसाच भरलेला. बाटली तवर गेलती.”

“मंग पळत यायचं व्हतं!”

“अन् काय सांगायचं? मी चुकलो म्हणून?” त्यानं हातातली पुडी खाली ठेवली. “बाई, मला पोरी हायत दोन. त्यांच्यादेखत मी ते भांडं धरू व्हय?”

मनकर्णाला त्याच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. पण हात उचलेना. तोही तिच्याइतकाच गप्प बसला होता, कमी ना जास्त.

संध्याकाळी साहेबांनी तिला बोलावलं. मंजुळाबाईचा सासरा, उकंडराव, गढीवरचा माणूस. त्याला चूक करणाऱ्याचं नाव हवं होतं. टेबलावर कागद तयार होता: रूपाबाईनं बाटली बदलली. खाली दाईच्या सहीला जागा.

“तांड्यावरची बाई. तिला काय, रानात काम मिळतंच,” साहेब म्हणाले. मग आवाज मऊ करून म्हणाले, “तुमचं मूल केवढं आहे? आठ महिन्यांचं ना? कामाच्या वेळात पाजायला जायचं नाही हा कायदा आहे. पण तुम्ही दुपारी घटकाभर जात जा. मी पाहिलं नाही असं समजेन.”

मनकर्णाची चोळी त्या क्षणीही ओली होती. दुपारी दवाखान्यामागच्या तिच्या राहत्या खोलीतून लेकीचं रडणं येई, आणि ती इकडे दुसऱ्यांची लेकरं पुसत असे. कधी रूपाबाईच तिला ढकलायची, “जा बाई, मी हाय पडद्यापाशी. साहेब आले तर खोकते.” या दवाखान्यात कुणी कुणासाठी केलेलं तेवढंच काय ते होतं. आणि आता तेच दूध हा माणूस तिला विकत होता.

“उद्या करते सही,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी उकंडराव ओसरीवर खुर्चीत बसले होते. समोर तिपाई. रूपाबाईचं नाव पुकारलं गेलं. मनकर्णानंच रात्री तिच्या हातांना तेलाच्या पट्ट्या बांधल्या होत्या. तिला भांडं धरता येईना.

“गळ्यात बांधा,” साहेब म्हणाले.

कुणीतरी हसलं. सवयीनं.

मनकर्णा ओळीतून निघाली आणि तिपाईवर चढली. “मला वास आला व्हता,” ती म्हणाली. “मी बोलले न्हाई. हिचे हात पोळले, ही बोलली न्हाई. बाटली ज्यानं भरली त्यालाबी कळलं, तोबी बोलला न्हाई. या तिपाईच्या भ्यानं, साहेब. मी सही करणार न्हाई.”

तातेराव जमिनीकडे बघत होता.

उकंडराव उठले. तिपाईवरच्या बाईकडे, मग ओळीकडे, मग साहेबांकडे त्यांनी एकेक करून पाहिलं. “म्हंजे तिघांना ठाव व्हतं, अन् आमची सून पोळत राहिली?” ते म्हणाले. “गोठ्यात साप निघाला तर बैलबी एकमेकांना हंबरून सांगत्यात.” आणि साहेबांच्या पायांशी पचकन थुंकून ते सुनेच्या खोलीकडे वळले.

दुपारच्या आत दोघींना काढल्याचा हुकूम निघाला. साहेबांना कुणी काही केलं नाही. ते जेवून झोपले, आणि उठून परत पडद्याबाहेर उभे राहिले.

मनकर्णा मागच्या खोलीत गाठोडं बांधत होती. लेक कडेवर होती. बाळंतिणीच्या खोलीतून सखुबाईचा आवाज आला.

“साहेब, या बाटलीत पाणी किती हाय?”

“दिलंय ते वापर.”

“आधी सांगा. तवर मी वतणार न्हाई.”

मग साहेबांचं ओरडणं, तिपाईचं नाव, सोमवारचं नाव. सखुबाईनं तिसऱ्यांदा तेच विचारलं, त्याच संथ आवाजात. आणि मग ओसरीवरून तातेरावची चप्पल वाजत आली.

“थांबा सखुबाई, वतू नका. मला खात्री न्हाई. दुसरी करून देतो.”

रूपाबाई फाटकाशी उभी होती, हात अंगापासून लांब धरून. वाऱ्यानं तिची ओढणी सारखी घसरत होती आणि तिला ती धरता येत नव्हती. मनकर्णानं गाठोडं खाली ठेवलं, लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं, आणि मोकळ्या हातानं ती ओढणी नीट तिच्या डोक्यावरून घेऊन कानामागे खोचून दिली.