उजेडबाबांच्या खोलीतली हवा

कुंभिवलीत हायवेवरच्या ढाब्यामागं चपला काढायला जागा नव्हती, एवढी गर्दी. उजेडबाबांचा चेला माइकवर ओरडत होता, "बाबांच्या खोलीत बसा, देवी अंगात उजेड भरेल! ज्याला भोवळ आली त्याचं पाप हललं! जो पडला तो सुटला!" म्हणजे उभा राहिला तर कृपा, आडवा झाला तर जास्तच कृपा. तोट्यात न जाणारा धंदा!

पण मला थट्टा सुचत नव्हती. माझी विद्यार्थिनी रिया आत होती. तिला फिट यायच्या. गोळ्यांनी त्या थांबल्या होत्या, पण आजीनं, गौराबाईंनी, गोळ्या बंद करून तिला इथं आणलं. तिची आई सुनिता इथूनच रडत फोनवर एवढंच म्हणाली, "मॅडम, या." मी मोहोपाड्याला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते.

"आत काय आहे?" मी विचारलं.

"कोळशाची शेगडी. बाबा नि पोरगी," गौराबाई म्हणाल्या.

दाराच्या फटींत चिंध्या कोंबून वरून शेण लिंपलं होतं. रसायनांच्या कंपन्यांचा वास सुटला की आमच्याकडं घरोघरी फटी अशाच बुजवतात. हात बसलेला.

"अहो, आत गॅस होईल!"

"वास येतो का? नाय ना? मंग कसला गॅस, बाई? जलम गेला इथं, आमी काय गॅस वळखत नाय?"

हीच आमची चूक. कोळशाचा जो वायू माणसाला मारतो, त्याला वासच नसतो.

मी दाराकडं धावले. बाबांच्या दोघा चेल्यांनी मला धरलं. मी ओरडत राहिले, "हवेचा दाब पाऱ्याच्या सातशे साठ मिलिमीटर, त्यात ऑक्सिजनचा वाटा एकशे साठ. कोंडलेल्या कोळशात ऑक्सिजनच्या एका रेणूमागं कार्बन मोनॉक्साइडचे दोन होतात. त्याचा वाटा एक मिलिमीटर झाला तरी रक्त ऑक्सिजन सोडून त्यालाच धरतं!" कुणाला काय कळणार? फळ्यावर बंद भांड्याची ही गणितं मी शेकड्यांनी सोडवली. त्या भांड्यात कधी कुणी बसलेलं नव्हतं.

सुनितानं मात्र ऐकलं. तिनं ढाब्याचं बाकडं उचललं आणि दारावर घालून ते तोडलं.

रिया उंबऱ्याशीच पडली होती. गाल लालबुंद.

"बगा, तेज आलं!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"विष आहे ते!" मी किंचाळले. सुनिता तिला टेंपोत घालून दवाखान्याकडं सुटली.

बाबा भिंतीकडं तोंड करून समाधीत, ठणठणीत. मी त्यांच्यापुढचा लोड ओढला. लोडामागं भिंतीतून आलेला प्लास्टिकचा पाइप, बरोबर तोंडाच्या उंचीवर.

"ती देवीची श्वासनळी हाय," बाबा म्हणाले.

गौराबाईंनी पाइपाला तळवा लावला. बाहेरची गार हवा येत होती.

"तुला हवा," त्या बाबांना म्हणाल्या, "नि माज्या पोरीला?"



ऑक्सिजन लावल्यावर संध्याकाळी रियानं डोळे उघडले. सगळ्यांचं नशीब असं नसतं. फिट येणाऱ्या लेकराच्या गोळ्या बंद करू नका. बंद खोलीत शेगडी ठेवू नका. आणि कुणी देवीच्या नावानं दार लावायला लागला, तर आधी त्याला एकट्याला आत बसवा, आणि पाइप शोधून बुजवा.