ज्याला पाडलं त्यानं मारू नये

एकहार्टनं फुटबॉलच्या मोठमोठ्या मैदानांवर गोल केले, बहुतेक दुसऱ्यांच्या हुकून परत आलेल्या फटक्यांवर, पण आमच्या गावच्या मैदानावर, गावच्या जर्सीत त्याच्या नावावर एकही नव्हता. कोवळ्या वयातच शहरातल्या क्लबनं त्याला उचललं, तो परतला केस पिकवून. मग आमच्या म्हाताऱ्यांच्या संघातून खेळू लागला आणि इथं मात्र गोल काही होईना. येत्या मंगळवारी त्याचा गुडघा बदलायचा होता, म्हणजे आजचा सामना शेवटचा. त्याला तो गोल हवा होता, आणि आम्हालाही.

सामना संपत आला आणि शेजारगावच्या एका जाड्यानं एकहार्टला गोलसमोर आडवा केला. पंचानं पेनल्टी दिली.

आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असतं, ज्याला पाडलं त्यानं पेनल्टी मारायची नाही. का, ते विचारायचं नाही. ऐन उमेदीत एकहार्टनं एकदाच हे मोडलं. चेंडू प्रेक्षकांत गेला आणि त्याचा क्लब खालच्या श्रेणीत. अजूनही बिअरला बसलं की कुणीतरी ते उकरून काढतंच.

"घे रे तूच," कप्तान युर्गन म्हणाला. "आज कोण बोलणार आहे?"

"तूच बोलशील. पहिल्या ग्लासालाच." एकहार्टनं चेंडू माझ्या हातात दिला. "डिटमार, तू मार."

"मी? अरे, मी कौलं बसवणारा माणूस."

"मग छपरावर मारू नकोस म्हणजे झालं."

कुंपणापाशी सॉसेज भाजणारी त्याची बायको गुड्रून चिमटा धरून तशीच उभी राहिली. मी चेंडू ठिपक्यावर ठेवला. हातातोंडाशी आलेला गोल हा बाबा रिवाजापायी सोडतोय, याचा मला राग आला. त्याच रागात मी फटका मारला. चेंडू खांबावर आदळून परत आला.

माझं तोंड उतरलं. पण एकहार्ट माझ्या मागून लंगडत केव्हाच सुटला होता. सगळे हळहळत असताना त्यानं दुखऱ्या गुडघ्यानंच चेंडू आत ढकलला आणि स्वतःही जाळ्यात पडला.

मी त्याला उठवायला वाकलो.

"मुद्दाम खांबावर मारलास?" त्यानं कानात विचारलं.

"एवढा नेम असता तर गोलच नसता केला?"

तो हसायला लागला, मग डोळे पुसायला लागला. "जन्मभर दुसऱ्यांच्या उष्ट्यावर जगलो रे. पण आजचा घास फार गोड."

मलाही रडू आलं. फटका चुकल्याचा एवढा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.