शैलाताईंचा अर्धा पेला

"आई, हे बाटली बॉयलरच्या कपाटात होतं? असं उभं?" देवयानीने आपल्या इंग्लंडात वाढलेल्या मराठीत विचारलं. तिच्या हातातला कॉर्कस्क्रू तसाच थांबला.

"मग कुठे ठेवणार? बाबांनी गॅरेजमध्ये आडवी टाकली होती, जुन्या ब्लँकेटखाली. तिथे केवढी ओल! इथे लोणच्याच्या बरणीशेजारी कशी कोरडी, उबेत राहिली बघ. दर शनिवारी पुसते मी."

ब्रिस्टलहून देवयानी मुद्दाम वॉटफर्डला आली होती. आज बाबांचा वाढदिवस होता आणि आईने फोनवर सांगितलं होतं, "आज ती वाइनची बाटली उघडायचीय. मला घ्यायचीय." जन्मात दारूच्या थेंबाला न शिवलेली आई!

त्याचं असं झालं होतं. काही वर्षांपूर्वी एजवेअरच्या मराठी मंडळाबरोबर तिचे आई-बाबा, शैलाताई आणि रघुवीर, दोघं इटलीच्या सहलीला गेली होती. तिथे टस्कनीत एका जुन्या घराण्याचा द्राक्षमळा होता. दगडी तळघर, माणसाहून उंच लाकडी पिंपं, भिंतीवर खापरपणजोबांपर्यंतच्या तसबिरी. घरची म्हातारी स्वतः वाढायला उभी. त्या घराची रीतच अशी, की नवरा-बायकोला मिळून एकच पेला. अर्धा त्याचा, अर्धा तिचा.

रघुवीर आपला अर्धा प्यायले. मग डोळे मिटून असे काही हसले, की इतक्या वर्षांच्या संसारात शैलाताईंनी तसं हसू पाहिलं नव्हतं. "घे गं," त्यांनी पेला पुढे केला.

समोर नीनावहिनी बसलेल्या. मंडळाचं चालतंबोलतं वर्तमानपत्र! "अय्या, शैला घेतेय की काय!" झालं! शैलाताईंनी पेला दूर सारला. नीनावहिनींनी स्वतः नंतर दोन पेले रिचवले, ती गोष्ट वेगळी.

रघुवीर रागावले नाहीत. पण उरलेला अर्धा त्यांनी प्यायलाही नाही. "तो तुझा वाटा," म्हणाले, आणि निघताना त्याच मळ्याची एक बाटली विकत घेतली. "रिटायर झालो की उघडू. तेव्हा मात्र नाही म्हणायचं नाही हं."

रिटायर व्हायच्या आधीच ते गेले. ऑफिसच्या कार पार्कमध्ये, उभ्या उभ्या.

तेव्हापासून शैलाताईंच्या जिवाला एकच टोचणी. एक घोट घेतला असता तर काय आभाळ कोसळणार होतं? माणूस परत यायचा नाही, हे त्यांना कळत होतं. पण ते कशाला एवढे हसले, ती चव कसली, तेवढं तरी कळावं, असं फार फार वाटायचं.

आता बूच काही नीट निघालं नाही, त्याचा भुगाच झाला. देवयानीने चहाच्या गाळण्यातून वाइन पेल्यात ओतली. चिंचेच्या कोळासारखा रंग, आणि किचनभर आंबूस वास.

"आई, खराब झालाय गं. व्हिनेगर झालाय. वाइन थंड जागी आडवा ठेवतात, कॉर्क ओला राहायला. इतकं हीटमध्ये, उभं ठेवलं तर..." ती थांबली, पण बोलून गेली होती.

शैलाताई मटकन खुर्चीत बसल्या. "म्हणजे मीच नासवली."

"तुला कुठे माहीत होतं?"

"त्यांना होतं ना! ठेवली होती की नीट. मीच मेली शहाणी, गेले जपायला." आणि त्यांना रडू आवरेना. करायला गेल्या गणपती आणि झाला मारुती.

देवयानीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "आपण दुसरं मागवू. ऑनलाइन मिळेल. सेम इस्टेट, सेम इयर. प्रॉमिस."

"ती दुकानातली. ही त्यांनी माझ्यासाठी घेतली होती."

देवयानी पेला उचलून सिंककडे वळली.

"थांब. आण इकडे."

"आई, प्लीज! घाण लागेल."

"लागू दे."

शैलाताईंनी कार्डिगनच्या बाहीने डोळे पुसले आणि घोट घेतला. दात आंबले, ठसका लागला. देवयानी पाठ चोळत राहिली. त्यांनी दुसरा घोट घेतला, मग तिसरा. तळाचा गाळ दिसेपर्यंत त्या थांबल्या नाहीत. मग रिकामा पेला त्यांनी हळूच टेबलावर ठेवला.

"प्यायले हो," कुणाकडेच न बघता त्या म्हणाल्या. "सगळा प्यायले."