पहिला उतार

ड्रमला तडा होता. केसासारखा नव्हे, नख फिरवलं तर अडकेल असा, आतल्या अंगाला, आडवा. असाजिलेने मागचं डावं चाक उतरवलं, ब्रेकचा ड्रम ओढून काढला आणि त्याला पान्ह्याने टोला दिला. चांगला ड्रम घंटेसारखा वाजतो. हा फुटक्या मडक्यासारखा बोलला.

"ऐकलंस?"

कालिंगा ड्रायव्हर जुन्या टायरवर बसून शेंगा सोलत होता. "मी ऐकून काय करू? मालकाला ऐकव."

ट्रक कालिंगाच्या लग्नाआधीचा. गोऱ्यांनी आपल्या देशात भंगारात काढलेला, जहाजात घालून आणलेला, दार एस सलाममध्ये रंग फासून विकलेला. गोऱ्यांना त्याची भीती वाटायला लागली तेव्हा त्यांनी तो आमच्याकडे पाठवला, आणि आमचे मालक त्याला नवी गाडी म्हणतात. माफिंगाच्या यार्डात सगळे त्याला म्हातारी म्हणत. म्हातारी पाइनच्या फळ्या लादून कितोंगाचा घाट उतरायची. ती चढायची कशी, याची चिंता कोणी करत नव्हतं. चढताना फार तर बंद पडेल. उतरताना थांबली पाहिजे.

लुवांडा मालक दुपारी आला. पांढरा शर्ट, टोकदार बूट. यार्डातल्या तेलाच्या थारोळ्यांतून तो मांजरासारखा पाय उचलत चालायचा.

"वेल्डिंग मारून घे," त्याने ड्रमकडे न बघताच सांगितलं.

"बिडाच्या लोखंडाला वेल्डिंग धरत नाही, बॉस. थंड असेपर्यंत धरल्यासारखं वाटतं. घाटात तापलं की उकलतं."

"बाकीच्या गाड्या काय सोन्याचे ड्रम लावून फिरतात?"

"बाकीच्या गाड्यांत मी बसत नाही."

"मग हिच्यातही वेल्डिंग मारून बस."

"नाही बसणार."

शेंगा सोलणारा कालिंगाचा हात थांबला. बाजूच्या गाडीखाली झोपून काम करणारा एक जण कोपरावर उठला. कारण हे बोलणं साधं नव्हतं. ब्रेकचं काम ज्या फुंडीने, म्हणजे मिस्त्रीने, केलं, त्याने पहिल्या फेरीला ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं आणि घाट संपेपर्यंत खाली पाय ठेवायचा नाही, अशी माफिंगाची रीत. आपली हाडं त्या केबिनमध्ये ठेवायची, की झाली कामाची हमी. फुंडी बसला तर ब्रेक झाला. नाही बसला तर माफिंगातला एकही ड्रायव्हर चावी फिरवत नाही.

लुवांडा रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो हसला आणि यार्डाच्या दुसऱ्या टोकाला गेला. तिथे पत्र्याच्या आडोशाला ग्वाकिसाचं वेल्डिंग होतं.

ग्वाकिसा असाजिलेचा सख्खा धाकटा भाऊ. पान्हा कसा धरायचा इथपासून सगळं त्याच्याच हाताखाली शिकलेला. लुवांडाने त्याला सांगितलं की माझ्या सगळ्या गाड्यांचं काम आजपासून तुझं. संध्याकाळपर्यंत ड्रमवर वेल्डिंगचा जाड वळ उठला होता, घासून गुळगुळीत केलेला. दिसायला सुरेख. ग्वाकिसाचा हात चांगला होता, हे असाजिलेनेही कधी नाकारलं नाही.

"तू बसणार?" असाजिलेने त्याला विचारलं.

"बसणार."

"ग्वाकिसा, ते धरणार नाही."

"दादा, तू बसत नाहीस म्हणून सगळ्या जगाने उभं राहायचं का?"

"मरशील."

"मग तुझ्या मनासारखं होईल. तुझं ऐकलं नाही म्हणून कोणीतरी मेलं, असं आयुष्यभर सांगत फिरशील."

असाजिले कालिंगाकडे वळला. दोघं एकाच वयाचे, एकाच दुकानात उधारीवर बिअर पिणारे. "तू तरी नाही म्हण."

"फुंडी बसतोय ना? मग मी काय बोलणार?" कालिंगाने शेंगांची टरफलं झटकली. "दोन भावांच्या भांडणात मी न्यायाधीश झालो तर गाडी कोण हाकणार? तू?"

दुसऱ्या दिवशी म्हातारी भरली आणि निघाली. असाजिले दिवसभर एकाच इंजिनाशी झटत राहिला. गाडी पडावी असं त्याला वाटत नव्हतं, भाऊ होता आत. पण काहीतरी व्हावं असं वाटत होतं. चाकातून धूर निघावा, गाडी घाटाच्या तोंडाशीच अडावी, ग्वाकिसाने खाली उतरून डोक्याला हात लावावा. एवढंच.

फोन आला तो घाटाखालच्या गोरखचिंचांच्या खोऱ्यातून. "उतरलो, दादा. कोंबडी खातोय. तुला बांधून आणू का?"

यार्डात हशा पिकला. नंतर चार दिवस जो तो असाजिलेला विचारत होता, "फुंडी, बिडाला धरतं म्हणे वेल्डिंग?" चहावाली नीमाची आईसुद्धा एकदा बोलून गेली, "तुम्ही म्हातारे झालात हो, सगळ्यालाच घाबरायला लागलात." लुवांडाच्या गाड्या गेल्या त्या गेल्याच, पण दुसऱ्या मालकांच्याही गाड्या त्याच्या जागेवरून पुढे सरकून पत्र्याच्या आडोशाला जाऊन उभ्या राहू लागल्या. जो नाही म्हणतो त्याच्याकडे कोण जाईल? मालकांना हो म्हणणारा फुंडी हवा असतो. ड्रायव्हर मेला तर दुसरा मिळतो, तो तर फुकटच बदलून मिळतो. असाजिले हे सगळं जाणून होता. तरी त्याला राग आला तो मालकांचा नव्हे. भावाचा आला. कालिंगाचा तर जास्तच आला.

म्हातारी दार एस सलामहून रिकामी परत आली, पुन्हा फळ्यांनी भरली. निघायच्या सकाळी कालिंगाने ती यार्डाच्या फाटकाशी उभी केली आणि चालत असाजिलेकडे आला. नीमाची आई मांडाझीच्या गोड पुऱ्या तळत होती. त्याने एक उचलली आणि तोंडात धरूनच बोलायला लागला.

"मागून डावीकडून आवाज येतोय. ब्रेक दाबला की टक्. चाकाच्या फेऱ्यागणिक, टक्, टक्."

असाजिलेच्या हातातली कानस थांबली. कुठून येतोय, कशाचा आहे आणि किती दिवसांचा सोबती आहे, हे त्याला तिथल्या तिथे कळलं.

"ग्वाकिसाला सांग."

"तो लुवांडाची दुसरी गाडी घेऊन माकाम्बाकोला गेलाय. फोन लागत नाही."

"मग येऊ दे त्याला."

"बॉसला फोन करून विचारलं. तो म्हणतो, आज उतर, परत आलास की बघू. गिऱ्हाईक थांबलंय." कालिंगाने मांडाझी गिळली. "तू हात नको लावूस. नुसता कान लाव. चाक फिरवतो, तू ऐक आणि मला सांग, जाऊ की नको. तू नको म्हणालास तर मी चावी फेकून घरी जातो, बॉस गेला खड्ड्यात."

एवढंच मागत होता तो. एक कान. उठून चार पावलं चालायचं होतं.

"पहिल्या उताराला कोण बसलं होतं तुझ्या शेजारी?" असाजिले म्हणाला.

"अरे, ते झालं ना आता."

"जो बसला त्याला विचार. मी म्हातारा झालोय, मला ऐकू कमी येतं."

नीमाची आई कढईतून मान वर न करता हसली. कालिंगाही हसला, मग त्याच्या लक्षात आलं की असाजिले हसत नाहीये.

"सवतीसारखा रुसलास की रे," तो म्हणाला. मग हात पँटला पुसले आणि गाडीकडे गेला.

फाटकातून हमरस्त्याला लागताना एक बस आडवी आली. कालिंगाने ब्रेक दाबला. टक्. असाजिलेने ऐकलं. एवढ्या लांबून, यार्डाच्या ठोकाठोकीतून, स्पष्ट. त्याने मान खाली घातली आणि कानस पुन्हा लोखंडावर चालवायला घेतली.

ड्रम घाटाच्या मध्यावर फुटला. कालिंगाने खालचा गिअर सोडला नव्हता, गाडी डोंगराच्या कड्याला घासत नेली होती. जेवढं करता येतं तेवढं सगळं केलं होतं. गाडी जवळजवळ थांबलीच होती. पण फळ्या थांबल्या नाहीत. साखळ्या तोडून त्या पुढे सरकल्या आणि केबिनच्या पाठीतून आत शिरल्या. यार्डातली माणसं त्याला काढायला गेली तेव्हा एकेक फळी ओढून काढावी लागली. असाजिलेने ओढल्या. एका वळणावर ड्रमचा तुकडा पडला होता, वेल्डिंगचा वळ त्याच्यावर तसाच, गुळगुळीत.

पोलिसांनी तोच तुकडा उचलला. ग्वाकिसा माकाम्बाकोहून परतला तेव्हा फाटकातच धरला गेला.

असाजिले डब्यात मक्याच्या पिठाची उगाली आणि घेवडा घेऊन ठाण्यावर गेला. बाकावर लुवांडा बसला होता, पांढऱ्या शर्टात, डोळे पुसत. "मी फुंडीवर विश्वास टाकला, साहेब," तो सांगत होता. "आपण काय, आपल्याला यातलं काय कळतं?" पुसण्यासारखं डोळ्यांत काही नव्हतं.

अंमलदाराने असाजिलेला उभं केलं. "निघायच्या आधी ड्रायव्हर तुझ्याकडे आला होता, असं कळलं. काय म्हणाला?"

लुवांडाने रुमाल खाली घेतला.

खरं सांगितलं असतं तर ते लुवांडाच्या फोनपाशी जाऊन पोचलं असतं. आज उतर, मग बघू. लुवांडा त्या बाकावरून उठून पलीकडे गजाआड गेला असता, निदान ग्वाकिसाच्या शेजारी तरी बसला असता. पण त्या वाक्याच्या मागून दुसरं वाक्य आलं असतं. मग तू काय केलंस, फुंडी? उठलास का? नीमाची आई तिथे होती. तिने सगळं ऐकलं होतं. कालिंगाची बायको हे कुठेतरी ऐकणारच होती.

"मांडाझी खायला आला होता," असाजिले म्हणाला.

"गाडीबद्दल काही?"

"नाही."

अंमलदाराने मान डोलावली. लुवांडाने रुमालाची घडी घालून खिशात ठेवली. असाजिले त्याच्या समोरून जाताना तो हळूच म्हणाला, "माझ्या बाकीच्या गाड्या आता तूच बघ. ग्वाकिसाला वकील लागेल, नाही का?" असाजिले थांबला नाही. नाहीही म्हणाला नाही.

गजाआड ग्वाकिसा भिंतीला टेकून बसला होता. एका दिवसात गाल आत गेले होते. डबा घेताना त्याने गजांतून भावाचं मनगट धरलं.

"दादा, माझ्या फोनवर कालिंगाचे कॉल दिसतायत. त्या सकाळचे. रेंज नव्हती रे तिथे. त्याला काहीतरी सांगायचं होतं. तुझ्याकडे आला होता ना तो? काय म्हणत होता?"

असाजिलेने मनगट सोडवून घेतलं आणि डब्याचं झाकण काढलं.

"खा," तो म्हणाला. "गार होतंय."