दसरा नसताना आलेला झेंडू

मित्रांनो, हातात कुंकवाची कुयरी घेऊन कोणी माझ्याकडे आलं, की मला आधी संशय येतो. का, ते सांगतो.

मी एक जुना ड्रॉइंग बोर्ड. टाचण्या सहज रुताव्यात म्हणून मुद्दाम मऊ लाकडाचा केलेला. घाटकोपरच्या एका सुताराने मला रंधा मारून मारून असा सपाट केला, की माझ्यावर ठेवलेली पेन्सिल जागची हलत नसे. तिथून मी अंधेरीला गेलो, यंत्रांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत. तिथे चंद्रप्रकाश नावाचे ड्राफ्ट्समन माझ्यावर त्या भागांचे आराखडे काढत. "माझा बोर्ड कधी खोटं बोलत नाही," असं ते साहेबालाही ऐकवत. काय ते दिवस होते!

मग कॉम्प्युटर आले आणि आम्हा सगळ्या बोर्डांना जिन्याखाली टाकलं. चंद्रप्रकाशांनी मला टेम्पोत घालून मुलुंडला घरी आणलं. त्यांची बायको जया दारातच कडाडली, "ह्या धूड खंय ठेवतलास?" तेव्हापासून या घरात मी जरा जपूनच आहे.

चंद्रप्रकाशांची एक पद्धत होती. दसऱ्याला ते सगळी हत्यारं माझ्यावर मांडत आणि एकेक उचलून म्हणत, ही पट्टी कंपनीतल्या सावंतांनी दिली, हा चाकू मामाने. म्हणजे कोणामुळे काय मिळालं, ते मोठ्याने सांगायचं. मग कुंकू, झेंडू आणि शेवटी कोऱ्या कागदावर एक रेघ. ती मारल्याशिवाय ते पाटावरून उठत नसत.

तीन वर्षांपूर्वी ते गेले. त्यांची स्कूटर विकली, तेव्हा जयाने तिलाही कुंकू लावलं होतं, झेंडू वाहिला होता. दहाव्या मिनिटाला एक माणूस तिला घेऊन गेला. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आता कळलं ना माझा संशय?

त्यांची मुलगी गंधाली चित्रकार. नोकरी नाही, घरी बसून मिळेल ते काम घ्यायचं. लहान मुलांच्या पुस्तकासाठी चोवीस पक्षी काढायचं काम तिला मिळालं, तेव्हा ती माझ्याभोवती नाचली होती. मग एक महिना गेला आणि कागदावर पीससुद्धा उमटलं नाही. बसली, की तिला चोवीसच्या चोवीस एकदम दिसत. मग उठून ती मसाल्याचे डबे घासायची. स्वच्छ डबे पुन्हा घासायची! माझ्यावर इस्त्रीचे कपडे साठत गेले.

मार्चमधल्या एका सोमवारी संपादक श्वेताचा फोन आला. "गंधाली, शुक्रवारपर्यंत पहिले सहा पक्षी तरी पाठव यार. नाहीतर मला काम दुसऱ्या कोणाला द्यावं लागेल."

फोन ठेवून गंधाली रडली. मग तिने माझ्यावरचे कपडे उचलले, मला पुसलं आणि पुढून-मागून माझे फोटो काढले. मला वाटलं, आली पोरीला माझी आठवण. कसलं काय! संध्याकाळी तिने मैत्रिणीला, मानसीला फोन लावला. "नाही जमत गं मला. एखादी नोकरी बघते. बोर्ड विकायला टाकलाय, शनिवारी माणूस येतोय."

आणि मंगळवारी सकाळी ती झेंडू घेऊन आली.

"आज काय दसरा आहे?" जयाने विचारलं.

"बाबांचा बोर्ड आहे, आई. असाच कसा देऊ?"

झालं! कुंकू, झेंडू, माणूस. माझी वाट लागली होती.

गंधालीने बाबांसारखं सगळं माझ्यावर मांडलं. "ही कंपासपेटी बाबांनी दहावीला दिली. हा दिवा माझ्या मैत्रिणीने, श्रुतिकाने दिला, माझं पहिलं पुस्तक आलं तेव्हा. ही खुर्ची आईने आणली, माझी पाठ दुखते म्हणून दोन जिने स्वतः वर चढवली." जया पदराने डोळे पुसायला लागली. "आणि हा बोर्ड. बाबांनी आणला आणि तू शिव्या घातल्यास." दोघी हसल्या. हसता हसता गंधाली म्हणाली, "किती जणांनी मला इथे आणून बसवलंय गं. आणि मी डबे घासत्येय."

"उठू नकोस," जया म्हणाली. "रेघ राहिली."

गंधालीने रेघ मारली. पण ती मध्येच वाकडी गेली. तिने मान तिरकी करून पाहिलं, तर ती बगळ्याची मान दिसत होती. मग चोच आली. मग एक पाय.

मी श्वास रोखून होतो. कारण माणसांचं काही खरं नसतं.

बुधवारी ती पुन्हा अडली, एक डबाही घासला. पण परत येऊन म्हणाली, "ही पट्टी सावंतकाकांची," आणि एक रेघ मारली. चोवीस पक्षी एकदम बघायचं तिने सोडलं. शुक्रवारी सहापैकी पाचच गेले. श्वेता म्हणाली, "झकास आहेत गं! सहावा उद्या दे."

शनिवारी सकाळी सहाव्या पक्ष्याचा, खंड्याचा, डोळा रंगवायचा होता, तेवढ्यात बेल वाजली. दारात हातात मोजायची टेप घेतलेला माणूस. माझ्या अंगावरचा कागद थरथरला.

गंधालीने मान वर केली नाही. जया दाराशी गेली. तीच जया, जिला मी धूड वाटलो होतो.

"माफ करा हां दादा, तुमची फेरी फुकट गेली," ती म्हणाली. "बोर्ड कामात आहे."

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं कोणीतरी कपड्यांखाली दबलेलं असेल. त्याचे आभार मानायला त्याच्या निरोपाचा दिवस उजाडू देऊ नका. ते तुमच्या हाताशी कोणामुळे आलं, ते मोठ्याने म्हणा आणि लगेच एक रेघ मारा. वाकडी आली तरी चालते.

आता गंधाली रोज मला पुसते आणि कधीमधी झेंडूही ठेवते. मला ते आवडतं. फक्त तेवढ्यात बेल वाजली, की मी आधी दाराकडे बघतो.