सहीसाठी अडलेला पेन

मित्रांनो, मी एक जुना शाईचा पेन आहे. कारखान्यात माझी निब दोनदा तपासली होती, तेव्हा वाटले, आपल्या हातून जाडजूड पुस्तके लिहिली जाणार. पण मी गेलो डॉक्टरांच्या खिशात. त्यांचे अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि कोटाच्या खिशाला भोक. दिवसातून चार वेळा मी जमिनीवर आपटायचो. उचलून देताना लोक म्हणत, "पेन चांगला आहे हो." तेवढेच माझे कौतुक.

मग साथ आली. मला सॅनिटायझरच्या आंघोळी घडू लागल्या. अंगावरची सोनेरी अक्षरे गेली, टोपण सैल झाले. त्याच दिवसांत तापाने फणफणलेले शिंपीमास्तर आले. हातातल्या फोनवर मेहुण्याने पाठवलेले औषधाचे नाव होते.

"हे लिहून द्या," मास्तर म्हणाले.

"हे या आजारावर चालत नाही. मी लिहिणार नाही," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही भरती व्हा. इथं सही करा."

"मीही करणार नाही."

डॉक्टरांनी मला मास्तरांपुढे सरकवले, मास्तरांनी परत डॉक्टरांपुढे. एक लिहीना, दुसरा सही करीना, आणि माझी शाई वाळत चालली. मला हसूही येईना, कारण बोलताना मास्तरांना धाप लागत होती.

"गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही," मास्तर तणतणले. "तुम्ही मला विचारलंत?"

"आणि गिऱ्हाइकानं चुकीचं कापायला सांगितलं, तर कापता?"

"छे. कापड परत देतो."

"मग मी काय वेगळं करतोय?"

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली आणि भीती कसली वाटते, ते विचारले. मास्तरांचा भाऊ भरती झाला होता, तेव्हा त्याच्यावर काय उपचार चाललेत, ते घरच्यांना कोणी सांगितलेच नव्हते. डॉक्टरांनी सगळे नीट ऐकून घेतले.

शेवटी मास्तरांनीच तोड काढली. दोन दिवस घरी ट्रायल. बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजनचा आकडा चौऱ्याण्णवच्या खाली गेला, की लगेच यायचे. डॉक्टरांना ते फारसे पटले नाही, पण तो आकडा त्यांनी मोठ्ठा लिहून दिला. त्यांनी लिहिलेले कोणाला वाचता आले, असे आयुष्यात पहिल्यांदाच घडले. मला फार अभिमान वाटला.

दुसऱ्याच दिवशी दुपारी मास्तर पिशवी घेऊन हजर. "ब्याण्णव. ट्रायल बसली नाही," ते म्हणाले. त्यांनी अख्खा फॉर्म वाचला, तीन प्रश्न विचारले आणि माझ्याने सही केली. बारा दिवसांनी ते आपल्या पायांनी घरी गेले.

महिन्याभराने ते सुईदोरा घेऊन आले. डॉक्टर घाईघाईने कोट काढू लागले, तर मास्तरांनी चिठ्ठी पुढे केली. खिसा शिवायला हरकत नाही, अशी. डॉक्टरांनी सहीसाठी मला उघडले. मास्तरांनी त्यांचा हात धरला. "आधी वाचा."

मित्रांनो, आता मी पडत नाही. तुम्हीही आपल्या पेनांना जपा. माझे टोपण अजून सैलच आहे. ते घट्ट करू का, असे मला कोणी विचारलेले नाही, पण विचारले तर मी हो म्हणेन.