भावाला दृष्ट लागावी म्हणून

मी चाकांची पिशवी बोलतेय. इकडेतिकडे काय बघताय, जरा खाली बघा. दाराआड, छत्र्यांच्या शेजारी, लाल-हिरव्या चौकड्यांच्या कापडाची, दोन चाकांची आणि लोखंडी दांड्याची. म्हाताऱ्या बायका जिला बाजारातून ओढत नेतात आणि तरुण मंडळी जिला अडखळून शिव्या घालतात, तीच मी. हसू नका. पुढचा पोप कोण होणार यावर सारं जग डोकं खाजवत होतं ना, तेव्हा त्यातल्या निम्म्या अफवांची वाहतूक मी केलेली आहे.

माझ्या जन्माचं फारसं सांगण्यासारखं नाही. उत्तरेकडच्या एका कारखान्यात जन्मले आणि रोममध्ये एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी आले. तिनं मला आयुष्यभर मांजराची वाळू आणायला वापरलं. तो काळ मी विसरायचं ठरवलंय. पुढे चर्चच्या जुन्या वस्तूंच्या विक्रीत मला मांडलं, तेव्हा एका ठेंगण्या, काळ्या कपड्यांतल्या बाईंनी माझा दांडा खेचून पाहिला, चाकाला पायानं ढोसलं आणि शेजारणीला म्हणाल्या, ''चालेल. माझ्यासारखीच दिसते. कुरकुर करेल, पण ओढेल.''

त्या एर्सिलियाबाई. कार्डिनल दोनातो यांची थोरली बहीण.

दोघं अब्रुत्सोच्या डोंगरातली, रोक्काफ्रेद्दा नावाच्या गावची. भाऊ पाद्री झाला तेव्हा बाई त्याचं घर सांभाळायला गेल्या. तो बिशप झाला, कार्डिनल झाला, गावं बदलली, पण बाई आपली पातेली घेऊन त्याच्यामागे. लग्नबिग्न राहूनच गेलं. आता मुक्काम होता रोमच्या बोर्गोत, व्हॅटिकनच्या भिंतीला लागून, सगळ्यात वरच्या मजल्यावर. तिथली लिफ्ट जवळजवळ कायम बंद. तिचा हिशेब मी वर गेल्यावर देवाकडे मागणार आहे.

बाईंची सारी आस एकाच गोष्टीवर होती. ऐंशी वर्षं पुरी झाली की कार्डिनलला नवा पोप निवडायला आत जाता येत नाही. ''एवढं वय गाठलं की आपण गावी जाऊ, ताई,'' असं भावानं कबूल केलं होतं. बाईंनी गावाकडच्या घराचं छप्पर दुरुस्त करून घेतलं होतं. फोनवरून चुलतभावाला झापून झापून अंजिराच्या फांद्यासुद्धा छाटून घेतल्या होत्या. दोनातोंची ऐंशी अगदी तोंडावर आली, आणि तेवढ्यात पोप वारले.

बोर्गो खरोखर रडला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफीच्या पहिल्या कपाबरोबर पुढच्या पोपच्या नावांवर पैजा सुरू झाल्या. न्हाव्याचा एक उमेदवार, औषधवाल्याचा दुसरा, आणि बेकरीवालीचा तर रोज नवा, पाव जसा निघेल तसा. या खेळाला तिथले लोक तोतोपापा म्हणतात. रोमचा माणूस सासूच्या मयतातसुद्धा हा खेळ खेळेल, एवढा त्याचा नाद.

भाजीवाला नाझारेनो आर्टिचोक तोलत होता. तोलता तोलता तो आवाज खाली आणून म्हणाला, ''बाई, तुमच्या भावाचंही नाव कानावर आलं बरं का. मोठ्यानं नाही, हळूच. आणि हळू घेतलेली नावंच शेवटी वर निघतात.''

''आणि मोठ्यानं घेतलेली?'' बाईंनी विचारलं.

''ती मुकाट घरी येतात. पेपरवाल्यांनी एखाद्याला पोप करून टाकलं, की समजायचं, त्याचं काम झालं.''

याला अपवाद झालेत, हे शेजारी उभा असलेला एक माणूस सांगायला लागला होता. पण बाईंनी ते कानाआड टाकलं. माझा दांडा त्यांनी इतका घट्ट धरला की मला कळलं, बाईंच्या डोक्यात काहीतरी शिजतंय.

आता एक गोष्ट तुम्हाला माहीत हवी. रोक्काफ्रेद्दात एर्सिलियाबाई दृष्ट काढण्यासाठी प्रसिद्ध होत्या. ताटलीत पाणी घ्यायचं, त्यात तेलाचे थेंब सोडायचे आणि कुणाची नजर लागली ते बघून उतरवायची. अख्ख्या गावाची पोरं, गाई, नवऱ्या मुली त्यांच्या हाताखालून गेलेल्या. आणि तीच बाई आता सख्ख्या भावाला दृष्ट लावायला निघाली. जन्मात कुणी ऐकलं नसेल असं काम, आणि त्यासाठी लागलेलं वाहन मी.

झालं. रोज सकाळी आमची फेरी सुरू. बोर्गोतल्या त्या दगडी फरसबंदीवर माझी हाडं खिळखिळी झाली, पण बाईंना थांबणं माहीत नव्हतं. न्हाव्याकडे त्या म्हणाल्या, दोनातोला सात भाषा येतात. त्याला येतात दोन, आणि त्यातली एक फक्त रोक्काफ्रेद्दातल्या मेंढपाळांना कळते. औषधवाल्याकडे म्हणाल्या, माझ्या भावाला राग म्हणून येत नाही. आदल्याच रविवारी फुटबॉलची मॅच ऐकताना त्यानं रेडिओला चप्पल फेकून मारली होती, मी साक्षीदार आहे. बेकरीत तर कहर केला. तो जेवतच नाही म्हणे, नुसता प्रार्थनेवर जगतो. बेकरीवालीनं माझ्यात कोंबलेल्या केकच्या खोक्याकडे पाहिलं.

कौतुक पसरायला वेळ लागत नाही. तुल्यो नावाचा एक वार्ताहर होता, व्हॅटिकनच्या बातम्यांवर पोट भरणारा आणि कायम भुकेला. त्यानं बाईंना गाठलं. बाई जणू त्याचीच वाट बघत होत्या. दुसऱ्या दिवशी पेपरात दोनातोंचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत 'डोंगरातला संत'. मग दुसऱ्या पेपरानं छापलं, तिसऱ्यानं छापलं. रोक्काफ्रेद्दाच्या सरपंचानं तर बँडवाले सांगून ठेवले आणि ताटल्यांवर दोनातोंचं तोंड छापायला टाकलं. बाईंनी फोनवरून त्याची अशी हजेरी घेतली की स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मलाच लाज वाटली.

दोनातो बिचारे रोज कार्डिनलांच्या बैठकीला जायचे आणि गोंधळल्यासारखे परत यायचे. ''ताई, सगळे माझ्याकडे असे का बघतात गं?'' त्यांनी एका दुपारी विचारलं. बाई म्हणाल्या, कॉलरला सॉस लागला असेल. त्यांनी आरशात बघितलं. सॉस खरंच लागलेला होता, म्हणून तो विषय तिथंच मिटला.

आणि मग घोटाळा झाला. तुल्यो फुशारकी मारत आला की आता आपण दोनातोंचं नाव यादीतून काढतोय. नाव फार गाजलं, जाणकारांना आता नवा, लपलेला माणूस हवा. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. यादीतून गेला म्हणजे पुन्हा हळू घेतल्या जाणाऱ्या नावांत आला, म्हणजे थेट गादीवर!

त्या दिवशी बाईंनी तिंबाल्लो केला. पातळ धिरड्यांचे थर, मध्ये मटणाचे बारीक गोळे, चीज, सगळं रचून भाजलेलं. गावात तो लग्नालाच होतो. मोठं भांडं कापडात गुंडाळून माझ्यात ठेवलं आणि आम्ही तुल्योच्या कचेरीत. उकळता रस्सा माझ्या शिवणीतून पाझरत होता, पण तक्रार कुणाकडे करणार? तुल्यो भांड्यातूनच खाऊ लागला. बाई समोर बसून सांगत राहिल्या, तो खात राहिला. दुसऱ्या दिवशी दोनातो पुन्हा पहिल्या क्रमांकावर, आणि फोटो पहिल्यापेक्षा मोठा.

कार्डिनल आत जायचा दिवस उजाडला. दोनातोंनी छोटी बॅग उचलली. बाईंनी त्यांचा गळपट्टा नीट केला. खूप काहीतरी बोलायचं होतं, ते सोडून म्हणाल्या, ''आतलं जेवण मिळमिळीत असतं म्हणतात. मीठ मागून घे.'' दार बंद झालं आणि बाई स्वयंपाकघरात येऊन माझ्याच दांड्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

त्यानंतर आम्ही रोज व्हॅटिकनसमोरच्या चौकात, धुराड्याकडे डोळे लावून. काळा धूर आला, म्हणजे अजून कुणी निवडला गेला नाही, की बाई हुश्श करायच्या आणि लगेच क्रॉसची खूण करायच्या, कारण हुश्श करणंही पापच. शेवटी एका संध्याकाळी पोप ठरल्याचा पांढरा धूर आला. घंटा वाजायला लागल्या, माणसांचा लोंढा आला, माझ्यावर कितीजण आदळले ते विचारू नका. बाईंनी मला सोडलं नाही.

चर्चच्या सज्ज्याचे पडदे हलले. लाल झग्यातला एक म्हातारा बाहेर आला आणि लॅटिनमध्ये, सावकाश, पोप मिळाल्याची वर्दी देऊ लागला. इथली रीत अशी की आधी नुसतं नाव सांगतात, मग बरीचशी बिरुदं, आणि आडनाव अगदी शेवटी. त्यानं नाव उच्चारलं.

''दोनातुम.''

चौक गर्जला. नाझारेनो गर्दीत कुठंतरी होता, त्यानं बाईंच्या नावानं हाक मारली. बाई मटकन माझ्यावर बसल्या. मी त्यांचं वजन पेललं, पुढेही पेललं असतं. मला वाटलं आता त्या आक्रोश करणार. पण त्या वर बघत होत्या आणि त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी कधीच पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि त्या पुटपुटत होत्या, ''माझा दोनातो. आईनं बघायला हवं होतं.'' घर गेलं, अंजीर गेलं, म्हातारपणाची सोबत गेली, आणि बाई अभिमानानं फुलून गेल्या होत्या.

मग आडनाव आलं. ते दूर उत्तरेतल्या फ्लँडर्सकडच्या कुणा दुसऱ्याच दोनातोचं होतं.

बाई ताडकन उठल्या, काळा झगा झटकला, आणि म्हणाल्या, ''का? माझ्या भावात काय कमी होतं?''

घरापर्यंत त्या हेच घोकत आल्या. जिने चढताना प्रत्येक पायरीवर मला आपटलं. फ्लँडर्सवाल्यांना स्वयंपाक येत नाही, धर्म काय येणार, असंही म्हणाल्या. ते मी त्यांच्या वयाकडे बघून सोडून देते.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनातो घरी आले. बॅग ठेवली, खुर्चीत बसले आणि हरभऱ्याचं सूप मागितलं. आत काय झालं ते बोलायचं नाही अशी त्यांना शपथ असते. बाईंनी वाढलं आणि समोर उभ्या राहिल्या. मला वाटलं ओरडतील. पण त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, ''मी तुला दृष्ट लावली रे. मुद्दाम. तुझं नाव गाजवलं, म्हणून तू गेलास मागे. मला क्षमा कर.''

दोनातो सूप पीत राहिले. ''मला ठाऊक होतं,'' ते म्हणाले. ''नाझारेनोनं पहिल्याच दिवशी सांगितलं.''

''मग मला अडवलं का नाहीस?''

त्यांनी चमचा खाली ठेवला. ''ताई, त्या दिवसांत जो तो मला कुठंतरी चढवायला बघत होता. घरी न्यायला धडपडणारी तू एकटी. तुला कशाला अडवू?''

बाईंनी सूप आणखी वाढलं आणि वाढताना अर्धं मेजावर सांडलं.

आता आम्ही रोक्काफ्रेद्दात असतो. इथं लिफ्ट नाही, जिनेही नाहीत. माझं कापड विटलंय, एक चाक तिरकं झालंय. बाजारात मला आता दोनातोच ओढतात, आणि रस्त्यात भेटेल त्याच्याशी फुटबॉलवर भांडतात. सगळं सुखाचं होतं. पण मागच्या आठवड्यात टीव्हीवर कुणीतरी सांगितलं की पोप व्हायला आत असावंच लागतं असं नाही. ऐंशीच्या पुढचा, घरी बसलेला माणूसही निवडता येतो. आणि लगेच पुढची बातमी, नव्या पोपना खोकला झालाय.

बाई उठल्या, डोक्याला रुमाल बांधला आणि माझा दांडा धरला. दोनातोंनी पेपरातून मान वर न काढता म्हटलं, ''ताई, या वेळी मी चमत्कार करतो असं सांग.''

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, मला हात नाहीत तरी. तुम्ही कुठल्याही देवाला मानत असा, त्या फ्लँडर्सच्या भल्या माणसासाठी एक दिवा लावा. त्यांना उदंड आयुष्य मिळू दे, त्यांचा खोकला बरा होऊ दे. माझ्या चाकांना आणखी एक निवडणूक सोसायची नाही हो.